विजेच्या हिशेबात धरलेली चादर

मी चादर बोलतेय. पलंगावरची साधी सुती चादर, गडद निळ्या रंगाची, एका कोपऱ्यात सूतिकागृहाचा शिक्का असलेली. एवढीच माझी ओळख असती, तर मी तुमचा वेळ घेतला नसता. चादरींच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही घडत नाही. लोक आमच्यावर झोपतात आणि उठून जातात. पण मला या शहराच्या नगरपालिकेने काही महिने वीज बनवणारं यंत्र म्हणून मोजलं होतं. अधिकृत नकाशावर, हिरव्या रंगात, मोठ्या साहेबांच्या सहीनिशी. असा मान किती चादरींच्या वाट्याला आला असेल, तुम्हीच सांगा.

माझा जन्म कापडाच्या गिरणीतला. एका लांबलचक ताग्यातून मला कापलं, कडा शिवल्या आणि गठ्ठ्यात बांधलं. निळा रंग मी काही मागून घेतला नव्हता. या सूतिकागृहात पूर्वी पांढऱ्या चादरी होत्या. बाळंतिणीच्या पलंगावर पांढरी चादर म्हणजे काय, ते धुणाऱ्याला विचारा. मग खरेदी खात्यातल्या कुणा हुशार माणसाला सुचलं, की डाग घालवण्यापेक्षा ते दिसेनासे करणं सोपं. त्याने आमच्यासाठी जवळजवळ काळपट म्हणावा असा निळा रंग पसंत केला. मी अजून त्या माणसाला पाहिलेलं नाही, पण माझ्या प्रसिद्धीचं अर्धं श्रेय त्याचंच आहे.

सूतिकागृह शहराच्या मालकीचं. तीन मजले, मनाला येईल तेव्हा चालणारी लिफ्ट आणि वर ऐसपैस सपाट गच्ची. माझं निम्मं आयुष्य खाली पलंगावर गेलं आणि निम्मं वर गच्चीत. खाली मी माणसं पाहिली. पहिल्यांदाच बाप झालेला माणूस पलंगाच्या अगदी टोकाला बसतो, जणू काही मी काचेची आहे. घामेजलेले हात मात्र तो बिनदिक्कत मलाच पुसतो. आज्या येतात, त्या आधी बाळाकडे बघतात, मग नाक कुणावर गेलंय यावर दुसऱ्या आजीशी गोड शब्दांत भांडतात, आणि भांडता भांडता माझी सुरकुती सरळ करत राहतात. डॉक्टर आत आले की झोपलेली बाई मला गळ्यापर्यंत ओढून घेते. मी कशापासूनही वाचवू शकत नाही, हे तिला माहीत असतं. तरी ओढते. मलाही ते आवडतं.

वर गच्चीत राज्य होतं धुलाईमावशीचं. सगळं सूतिकागृह तिला मावशी म्हणायचं. तिच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले डॉक्टरसुद्धा. खालच्या धुलाईखोलीतून ती ओल्या चादरींची टोपली घेऊन वर यायची, आणि मग तिचा तो खास प्रकार सुरू व्हायचा.

बाकीच्या जगात चादर दोरीवर टाकतात, अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. मावशीला हे साफ नामंजूर. तिचं म्हणणं, दोरीवर घडी पडते आणि घडीत ओल लपून बसते. तिने गच्चीवर लोखंडी खांब रोवून घेतले होते, पुढचे बुटके, मागचे उंच. त्यांच्यावर तारा ओढल्या होत्या. माझी एक कड वरच्या तारेला, दुसरी खालच्या तारेला, आणि मध्ये मी ताणलेली, सूर्याकडे तोंड करून तिरपी. माझ्या शेजारी माझी बहीण, तिच्या शेजारी तिसरी, मग थोडी वाट सोडून पुढची रांग. सूर्य आमच्यावर सरळ पडायचा आणि आम्ही खडखडीत वाळायचो. मावशी रांगांच्या मधून फिरायची, कुणी वाकडी दिसली की ओढून सरळ करायची. कवायत घेणाऱ्या शिक्षकांनाही जमणार नाही इतकी शिस्त होती आमच्यात.

दुपारी मोठ्या सिस्टर वर यायच्या. या सूतिकागृहाच्या प्रमुख परिचारिका. सगळा कारभार त्यांच्या हातात, आणि कमी दिवसांच्या बाळांची खोली तर त्यांचा जीव की प्राण. त्या खोलीत काचेच्या पेट्यांमध्ये मुठीएवढी बाळं विजेच्या उबेत झोपलेली असत. सिस्टर आणि मावशी एकाच वर्षी नोकरीला लागल्या होत्या, त्यामुळे चारचौघांत एकमेकींना अहो-जाहो आणि गच्चीवर अगं-तुगं. उलट्या टोपलीवर बसून त्या चहा प्यायच्या. एक सासूबद्दल बोलायची, दुसरी सुनेबद्दल, आणि दोघींचं एकमत व्हायचं. हे कसं, ते मला कधी कळलं नाही.

असं सगळं सुरळीत चाललं असताना शहराला एक नवीन वेड लागलं. आपल्या शहरातल्या छपरांवर किती ऊन पडतं आणि त्यातून किती वीज काढता येईल, हे मोजायचं ठरलं. सुरुवात सार्वजनिक इमारतींपासून. शाळा, वाचनालय, अग्निशमन केंद्र, बसचा डेपो, न्यायालय आणि आमचं सूतिकागृह. प्रत्येक छपरावर चढायला माणसं कुठून आणायची? म्हणून विमानातून फोटो काढले. ते फोटो संगणकाला दाखवले, आणि संगणकाने घरबसल्या शहर रंगवून टाकलं. भरपूर ऊन आणि मोकळी जागा असेल तर पिवळं. सावली असेल तर करडं. आणि जिथे विजेची पॅनेलं आधीच बसलेली आहेत, तिथे हिरवं. पिवळ्या छपरांवर पालिका पॅनेलं बसवणार. हिरव्यांचं कौतुक करून पुढे जाणार.

विमान गेलं त्या दिवशी आमचा मोठा धुण्याचा दिवस होता.

संगणकाला मी दोष देत नाही. वरून बघितलं तर काय दिसणार? काळपट निळे चौकोन, एकाच मापाचे, सूर्याकडे तोंड करून तिरपे, सरळ रांगेत, मध्ये ये-जा करायला वाट. खरी पॅनेलंसुद्धा इतकी नीट लावत नाहीत, असं पुढे एका जाणकाराने मावशीला सांगितलं. तर संगणकाने क्षणभरही न घुटमळता आमची गच्ची हिरवी केली.

इकडे सिस्टरांनी पालिकेकडे अर्ज केला होता, की आमच्याकडे पॅनेलं आणि बॅटरी लवकर बसवा. कारण सरळ होतं. भर दुपारी वीज जायची. खाली एक म्हातारा जनरेटर होता, तो खोकत, कुरकुरत, लाथ खाल्ल्यावर सुरू व्हायचा. तोवर त्या काचेच्या पेट्या गार पडायला लागायच्या. अर्जाला उत्तर आलं. सिस्टरांनी ते गच्चीवर येऊन मोठ्याने वाचून दाखवलं. 'आपल्या इमारतीवर सौर पॅनेल यापूर्वीच कार्यरत असल्याने अर्ज निकाली काढण्यात येत आहे. स्वच्छ ऊर्जेतील आपल्या पुढाकाराबद्दल अभिनंदन.'

मावशीने इकडेतिकडे बघितलं. "कुठे लावलीत गं? मला न सांगता?"

सिस्टर तडक कार्यालयात गेल्या. तिथे खिडकीतल्या कारकुनाशी झालेलं बोलणं त्यांनी आल्यावर नक्कल करून सांगितलं. कारकून म्हणाला, पॅनेलं आहेत, वरून दिसतायत. सिस्टर म्हणाल्या, खालून दिसत नाहीत. कारकून म्हणाला, बाई, तुम्ही फार खाली उभ्या आहात. शेवटी त्याने दयाबुद्धीने मार्ग सुचवला: पॅनेलं नसल्याचा दाखला आणा. असा दाखला कोण देतं, ते मात्र त्यालाही ठाऊक नव्हतं. मावशी इतकी हसली, की तिच्या हातातला चहा माझ्यावर सांडला. त्याचा डाग अर्थात दिसला नाही.

पुढचा अंक याहून सुरस. शहरातल्या सगळ्या पॅनेलांची वीज पालिका मोजत होती, आणि आमच्या गच्चीची वीज येत होती शून्य. म्हणजे आमची पॅनेलं नक्कीच नादुरुस्त. त्यांनी दुरुस्तीवाला पाठवला. खांद्याला हत्यारांची पिशवी, कमरेला पट्टा, चेहरा एकदम सरळमार्गी. लिफ्ट रुसलेली होती, त्यामुळे तीन मजले चढून बिचारा धापा टाकत वर आला.

"पॅनेलं बंद पडलीत ना तुमची? कुठे आहेत?"

"इथे चादरी आहेत," मावशी म्हणाली.

त्याने हातातला कागद बघितला, मग आम्हाला बघितलं, मग वर आभाळाकडे बघितलं. नंतर तो माझ्याजवळ आला, दोन बोटांनी माझी कड हलकेच उचलली आणि खाली वायर आहे का ते वाकून पाहिलं. इतक्या आदराने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. मी तर लाजलेच.

"आता मी काय लिहू?" तो काकुळतीने म्हणाला. "काहीतरी लिहिल्याशिवाय मला परत जाता येत नाही."

"लिहा, सध्या ओली आहेत. दुपारपर्यंत वाळतील."

मावशीने थट्टा केली होती. त्याने खरंच तसं लिहिलं. 'पॅनेल ओलसर आढळले. सुकल्यावर फेरतपासणी करावी.' आणि कार्यालयात ते मान्यही झालं. पिशवी उचलताना त्याने गच्चीवरून एक नजर फिरवली आणि सहज म्हणाला, "मावशी, नशीब समजा घोळ झाला ते. ही गच्ची मोकळी आहे असं कळलं ना, तर या कडेपासून त्या कडेपर्यंत पॅनेलं मारतील. एवढं ऊन आसपास कुणाकडे नाही."

"मग माझ्या चादरी?"

"त्या बाहेर धुवायला देतात. कंत्राटावर. सगळीकडे तसंच केलंय."

तो गेला. मावशी तशीच उभी राहिली. माझी कड तिच्या हातात होती. धुलाई बाहेर गेली की धुलाईमावशी कशाला लागणार? घरी जाऊन बसायचं. नाहीतर सामानखोलीत गठ्ठे मोजायचे, जिथे खिडकीसुद्धा नाही. आयुष्यभर उन्हात काम केलेली बाई ती. मला तिची फार दया आली, आणि खरं सांगायचं तर माझीही आली. कंत्राटाच्या धुलाईत चादरींना मोठ्या पिंपात घालून घुसळतात, असं ऐकून होते.

त्या दिवसापासून मावशी त्या घोळाची राखण करायला लागली. पूर्वी आठवड्यातून दोनतीनदाच आम्ही सगळ्या वर असायचो. आता रोज. धुणं नसलं तरी कपाटातल्या धुतलेल्या, घडी घातलेल्या चादरी काढायच्या, पाण्यातून काढायच्या आणि ताणून लावायच्या. आभाळात कसलाही घरघर आवाज आला की ती धावत वर. "सरळ राहा गं," आम्हालाच दटावायची. त्या दिवसांत मी विनाकारण इतकी भिजले, की माझा रंग उडायला लागला. पक्षी डोक्यावरून गेला तरी ती माझी सुरकुती काढायची.

सिस्टरांच्या हे लक्षात यायला वेळ लागला नाही. एक दिवस त्या चहा न घेता वर आल्या.

"या स्वच्छ चादरी कशाला भिजवल्यात तुम्ही?"

गच्चीवर तुम्ही! मावशीने ते ऐकलं. तिनेही मग तलवार उपसली. "तुम्हाला माहितीये कशाला ते."

"काल दुपारी जनरेटर सुरू होईना. चार पोरं होती पेटीत. आम्ही त्यांना छातीशी धरून बसलो होतो, आणि तुम्ही इथे चादरी सरळ करत होतात."

"आणि ही गच्ची गेल्यावर मी कुणाला छातीशी धरून बसू, ते सांगा. तुमच्या पोरांची काळजी सगळं जग करतं. माझी कोण करतं?"

सिस्टर मागे वळल्या. पायऱ्या उतरून गेल्या. त्यानंतर दुपारचा चहा बंद. मावशी एकटीच टोपलीवर बसायची आणि आमच्याशी बोलायची. आम्ही चादरी तिच्या सासूबद्दल काय मत देणार?

आता या गोष्टीतली शेवटची बाई. तिला मी नकाशेबाई म्हणते. पालिकेत संगणकापुढे बसून शहराची छपरं तपासणं हे तिचं काम. संगणकाने रंगवलेलं तसंच्या तसं पुढे ढकलणाऱ्यांपैकी ती नव्हती. दर काही दिवसांनी येणारे नवे फोटो ती जुन्यांशी ताडून बघायची. बघताना तिला आढळलं, की सूतिकागृहाची पॅनेलं आधी फक्त अधूनमधून दिसतात. एका फोटोत तीन रांगा, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात काहीच नाही. अलीकडे मात्र जवळजवळ प्रत्येक फोटोत आहेत, फक्त सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सगळी गायब. पॅनेलं पावसात भिजतात, धुळीने माखतात, पण सुट्टी घेत नाहीत. तिने संगणक बंद केला आणि स्वतः बघायला निघाली.

गंमत म्हणजे, शहरातली सगळी छपरं पाठ असलेली ही बाई आयुष्यात पहिल्यांदाच एका छपरावर पाय ठेवत होती. दारातून बाहेर आली, कठड्यापलीकडे खाली रस्ता दिसला आणि तिला गरगरलं. तिने जवळचा खांब मिठी मारून धरला, डोळे घट्ट मिटले. मग एक डोळा उघडला. समोर मी.

ती आधी नुसतीच बघत राहिली. मग खांब धरूनच खाली बसली आणि हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि ते पाणी तिनेही मलाच पुसलं. हसता हसताच आपण पालिकेतून आल्याचं आणि नकाशातल्या हिरव्या-पिवळ्या रंगांचं तिने सांगून टाकलं.

"हसा," मावशी म्हणाली. "मग गच्ची पिवळी करा आणि जा."

नकाशेबाईचं हसू ओसरलं. मावशीचा चेहरा तिने आता नीट बघितला. "काय झालंय?" तिने विचारलं. आणि मावशीने, जी महिनाभर कुणाशी धड बोलली नव्हती, तिला सगळं सांगितलं. आकाशातून पाहिलेल्या चौकोनांबद्दलची ही सगळी हकीकत मला कळली, तीही त्याच दिवशी नकाशेबाईच्या तोंडून.

"खोटं सांगणार नाही मावशी, पिवळी तर करावी लागेल," ती म्हणाली. "ऊन आहेच इथे. पण सगळ्या गच्चीवर नसणार. त्या पाण्याच्या टाक्या बघा, ती लिफ्टची खोली बघा. त्यांची सावली कुठवर जाते, ते फोटोत नीट कळत नाही. मला बसून बघू दे."

दुसऱ्या दिवशी ती खडू घेऊन आली. सकाळपासून गच्चीवर ठाण मांडून बसली, आणि सावली सरकेल तशी तिच्या कडेने रेघ ओढत गेली. कठड्याच्या बाजूला गेलं की डोळे मिटून घ्यायची आणि हाताने चाचपत रेघ ओढायची. तेवढ्या रेघा वाकड्या आहेत. संध्याकाळी टाक्यांच्या मागे एक लांब पट्टा उरला, जिथे दिवसाचा बराच वेळ सावली होती. "ही पट्टी माझ्या काही कामाची नाही," ती म्हणाली. "इथे पॅनेल लावणं म्हणजे नुसता खर्च. नकाशात मी ही धुलाईसाठी राखून ठेवू शकते. तुम्हाला चालेल?"

"सावलीत चादर?" मावशीने असं काही तोंड केलं, की जणू तिला कुणी चादरी चुलीत वाळवायला सांगितलं.

मला तेव्हा बोलता आलं असतं तर! अहो, मला वाळवतं कोण, हे मला नाही विचारायचं? ऊन कडकडीत असून वारा पडलेला असला, तर मी तासन् तास जड होऊन लटकत राहते. आणि त्या टाक्यांमागून जो वारा घुसतो, तो मी ओळखून आहे. पण चादरीला कोण विचारतो?

सिस्टर वर आल्या होत्या. दारातच उभ्या होत्या, मावशीकडे न बघता. "इमारतीच्या वतीने सही मला करायची आहे," त्या नकाशेबाईला म्हणाल्या. "उद्या एक चादर त्या पट्टीत लावा. दुपारी पलंगांवरच्या चादरी बदलायच्या आत वाळली, तर मी सही करते आणि धुलाई इथेच राहील, असंही लिहून देते. नाही वाळली, तर सही नाही. यांना घरी बसवून मला वीज नको."

"आणि वाळली की नाही, ते कोण ठरवणार?" नकाशेबाईने विचारलं.

"त्याच ठरवतील. त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

मावशीने टोपली उचलली आणि ती खाली निघून गेली. पण मी तिला ओळखते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्या चादरींतून मला निवडलं, कारण माझी शिवण सगळ्यात जाड. मला भिजवलं, आणि पिळलंच नाही. पाणी टपटपत असताना मला त्या पट्टीत नेऊन लावलं आणि हाताची घडी घालून उभी राहिली. अशी ही परीक्षा. पेपर काढणारी तीच, तपासणारीही तीच. मला तिचा राग आला नाही. तिच्या जागी मी असते, तर मी टाकीत बुडी मारून आले असते.

वारा मात्र माझ्या बाजूने होता. मी जीव तोडून फडफडले. आयुष्यात इतके कष्ट मी कधी उपसले नव्हते. दुपारच्या सुमाराला मधला भाग जवळजवळ वाळला, आणि मावशीचा चेहरा पडत चालला.

तेवढ्यात खालून जनरेटरचा खोकला ऐकू आला. एकदा, दोनदा, मग नुसतीच घरघर आणि शांतता. वीज गेली होती. जिन्यात धावाधाव झाली आणि एक परिचारिका अर्ध्या जिन्यातून ओरडली, "मावशी, खाली या, हात कमी पडतायत!"

मावशी गेली. मी गच्चीतच होते, त्यामुळे खाली काय झालं ते मी पाहिलं नाही. नकाशेबाई कठड्यापासून लांब, खडूच्या रेघांवर बसून राहिली. बऱ्याच वेळाने जनरेटर सुरू झाला. त्यानंतरही मावशी लगेच आली नाही.

आली तेव्हा तिचा ॲप्रन सुरकुतलेला होता आणि ती चालत होती अगदी हळू, जणू अजून काहीतरी छातीशी धरलेलं आहे.

"एवढंसं होतं," तिने नकाशेबाईला तळहात दाखवला. "माझ्या अंगाला चिकटलं आणि थरथरायचं थांबलं. सिस्टरच्या हातात दोन होती. तिला बसायलासुद्धा वेळ नव्हता." मग ॲप्रन सरळ करत म्हणाली, "हे रोजचंच आहे तिचं. आणि मी चादरी भिजवत होते."

मग ती माझ्याकडे वळली. माझी खालची कड सोडवली आणि जाड शिवण दोन्ही हातांनी अशी पिळली, की मी कळवळले. सकाळी न पिळलेलं सगळं पाणी तिने आता काढलं. मला उलटी केली, झटकली, वाऱ्याच्या तोंडाला धरली. स्वतःच्या हाताने ती मला वाळवायला बघत होती. आणि नेमका तेव्हाच वारा पडला. माणसांचं असं का होतं, की मनात यायला आणि वारा पडायला एकच गाठ पडते?

पलंगांवरच्या चादरी बदलायची वेळ झाली. सिस्टर वर आल्या. केस विस्कटलेले, चेहरा दमलेला. "काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

मावशीची तपासायची पद्धत एकच. चादरीचा कोपरा गालाला लावायचा. गार लागला, तर परत तारेवर. या नियमाला तिने कधी कुणासाठी अपवाद केला नव्हता. मोठे डॉक्टर आरडाओरडा करत असले तरी नाही. तिने माझा शिवणीचा कोपरा गालाला लावला. तो गारच होता. मला माहीत होतं आणि तिलाही.

"वाळली," मावशी म्हणाली.

सिस्टरांनी हात पुढे केला. मावशीने तो कोपरा मुठीत घट्ट धरला आणि माझा मधला, कोरडा भाग त्यांच्या पुढे केला. सिस्टरांनी मला चाचपलं. मग त्यांचं लक्ष त्या मुठीकडे गेलं. त्यांनी ती मूठ आपल्या हातात घेतली.

"हात ओला आहे तुझा."

"आत्ताच धुतले."

सिस्टर तिच्याकडे बघत राहिल्या. डोळे भरून आले होते, पण त्यांनी ते काही मला पुसले नाहीत. "बरं," त्या म्हणाल्या. "चहा घेशील का?"

सही झाली. पॅनेलं आली, बॅटरी आली. नकाशावर आमचं सूतिकागृह आता हिरवं आहे. आधीही हिरवंच होतं, त्यामुळे मोठ्या साहेबांना एवढ्या खटाटोपात नक्की काय बदललं, ते अजून समजलेलं नाही. खऱ्या पॅनेलांशी आम्हा चादरींचं फारसं पटत नाही. ती वाकत नाहीत, बोलत नाहीत, आणि आपल्याला फार शहाणी समजतात. पण दुपारी वीज गेली तरी खालच्या पेट्या गार पडत नाहीत, हे मी त्यांच्या तोंडावर मान्य केलेलं आहे. टाक्यांमागच्या पट्टीत चादरी वाळतात, उन्हातल्यापेक्षा जरा उशिरा. शिवणी ओल्या राहिल्याच, तर मावशी इस्त्री फिरवते आणि पॅनेलांकडे बघून म्हणते, "काढा बाहेर माझं ऊन."

माझं म्हणाल, तर ते वाळणं माझं शेवटचंच म्हणायचं. मधोमध विरले, रंग फिकट झाला. आज विमान गेलं, तर मला कुणी पॅनेल म्हणणार नाही. मावशीने मला कापून लहान तुकडे केले. जुनं सुती कापड फार मऊ असतं, त्याच्यासारखं दुपटं दुसरं नाही. आता मी काचेच्या पेट्यांमध्ये असते. इथे छान ऊब आहे.

तुम्हाला एकच विनंती. त्या कोपऱ्याबद्दल नगरपालिकेत कुठे बोलू नका. त्यांच्या दप्तरी मी वाळलेली आहे, तशीच राहू दे. आणि आता मला गप्प बसलं पाहिजे. सकाळपासून रडत होतं हे बाळ. मला मुठीत धरून आत्ता कुठे झोपलंय.